सोनावळेताईंचे सात

“ती बाई घरी बसून फॉर्म भरते हो. बघा ना, आठ, आठ, आठ. सगळीकडे आठच.”

आमच्या ऑफिसचे प्रमुख राणे सर फोनवर होते. मी पार्टिशनच्या अलीकडे बाटलीत पाणी भरत होते. पाणी बाटलीतून हातावर वाहायला लागलं तेव्हा नळ बंद केला आणि जागेवर येऊन बसले. ‘ती बाई’ म्हणजे सोनावळेताई, हे मला कळलं होतं. आठ म्हणजे काय, हेही माहीत होतं. आमच्या सर्वेक्षणात आठ म्हणजे ‘प्रतिसाद नाही’. मालक भेटला नाही, किंवा भेटला आणि फॉर्म भरायला नाही म्हणाला.

ते आठ आले कुठून, हे मात्र त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते दोन दिवसांनी आलं, चहाच्या टपरीवर. पण ताई त्या आठांपेक्षा पुष्कळ मोठ्या होत्या, म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते.

आमचं ऑफिस भिवंडीतल्या कल्याण नाक्याजवळ, फर्निचरच्या दुकानावर. काम सरळ होतं. भिवंडी आणि आसपासचे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे गाळे, सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने, गोदामं यांत किती माणसं कामाला आहेत ते शोधायचं. सगळ्यांकडे जाणं शक्य नसतं, म्हणून यादीतून काही निवडायचे. अन्वेषक दारोदार जाऊन फॉर्म भरून आणत आणि मी ते कॉम्प्युटरवर घेऊन त्यांवरून अख्ख्या गावाचा अंदाज काढत असे. संख्याशास्त्राची पदवी आणि ही पहिली नोकरी. मी वाढले भिवंडीतच, पण इंग्रजी शाळेत, शाळेच्या बसने जाऊन-येऊन. लूमचा खटखटाट झोपेतसुद्धा ऐकला होता. लूम पाहिला नव्हता.

ताई या अन्वेषकांपैकीच एक, भिवंडीशेजारच्या राहनाळच्या. पन्नाशी उलटलेली. पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांना पिना लावून घट्ट केलेली, पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज. खांद्याला मुलीची शाळेतली जुनी बॅग, तिच्यावरचं कार्टून त्यांनी काळ्या कापडाचा तुकडा शिवून झाकलं होतं. “मालक लोक फॉर्मकडं बघायचं सोडून उंदराकडं बघतात,” असं कारण. बॅगेत पेन्सिली, भाजलेले चणे आणि कुठेही पसरून बसता यावं म्हणून वर्तमानपत्राची घडी. वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. माणसं मोजली, गुरं मोजली, घरं मोजली. त्याआधी, लहानपणी, शेजारच्या लूमवाल्यासाठी घरी बसून सूत गुंडाळून कांड्या भरल्या होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मी नेहमीच्या पुटपुटत्या आवाजात सांगितलं, त्यांना ऐकू आलं नाही. परत विचारलं, परत तेच.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “मी आपली बाय म्हणीन.”

तेव्हापासून मी त्यांची ‘बाय’. राहनाळकडे मुलींना तसंच हाक मारतात.

त्यांचा तीक्ष्ण कान ही ऑफिसातली चेष्टेची गोष्ट होती. गाळ्याबाहेर गल्लीत उभ्या राहून, मान जराशी तिरकी करून, त्या आतले लूम मोजत. मालक आत सांगायचा, “छह लूम, मॅडम.” ताई फॉर्मवर सहाच लिहीत, कारण नियम तसा होता, मालक सांगेल ते लिहायचं. पण समासात बारीक अक्षरात असे, ‘कानाला नऊ’. माझ्याकडे येणारे त्यांचे फॉर्म मी त्या समासासाठी वाचत असे. ‘मालक बोलताना दाराकडे बघतो.’ ‘चौदा सांगितले, चपला बावीस जोड.’ ‘नाही म्हणाला, पण पाणी दिलं. परत जाणे.’

राणे सर वैतागायचे. “ताई, समासात निबंध लिहू नका. सिस्टीमला समास नसतो.”

“सिस्टीमला नसंल सर. मला हाय.”

एकदा दोन नवे अन्वेषक मोठ्या उत्साहात आले. एका दिवसात सत्तावीस गाळे बंद सापडले म्हणाले. ताई चणे खात होत्या. चघळणं न थांबवता म्हणाल्या, “काल वार कुठला होता रं?”

“शुक्रवार.”

“मग सत्तावीसच कसे? अख्खी भिवंडी बंद मिळाली असती.” सगळे हसले. लूमची सुट्टी शुक्रवारी असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला माहीत नव्हतं, मी हसण्यात मागून सामील झाले. ताईंनी ते पाहिलं, पण मला काही बोलल्या नाहीत. त्या दोघांना म्हणाल्या, “तो बंद न्हाय, तो सुट्टीवर हाय. सात लिव्हायला हात जड पायजे, बाबांनो. आठ काय, कुणीबी लिव्हंल.”

सात म्हणजे ‘कायमचं बंद’. सात लिहिण्याआधी ताई त्या दारावर तीनदा जात, तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळेला. कुलपाचं भोक बघत. चावी लागत असली तर ते चकचकीत राहतं, नाहीतर त्यात धूळ बसते. विजेचा मीटर बघत. मग शेजाऱ्याला विचारत. एवढं झाल्यावर फॉर्मवर सात येई, आणि समासात एक ओळ, जशी गावाकडच्या पत्रात कुणी गेल्याची असते. ‘बंद. लूम भंगारात. मालक गावी. चहावाल्याला आठवतो.’

आणि नाही म्हणणाऱ्यांना तर त्या सोडतच नसत. जो पहिल्या झटक्यात फॉर्म भरून देई त्याच्याकडे चहासुद्धा घेत नसत. “त्याचं काम झालं की. जो भरत न्हाय त्याच्याकडं बसायला पायजे.” एका म्हाताऱ्या गाळेवाल्याकडे त्या चौथ्यांदा निघाल्या तेव्हा मी सोबत होते, कारण सरांना वाटलं मी ‘फील्ड’ बघावं. लूमच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि मला तिथे एकदम बरं वाटलं. तिथे सगळेच माझ्यासारखे होते. चाचा टेबलामागून हात जोडत म्हणाले, “मॅडम, मेरा नाम काट दो ना लिस्ट से. क्यूं पीछे पडे हो गरीब के?”

ताई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या, “नाम काटा तो तुम्हारे बदले वो सामनेवाला बोलेगा, चाचा. चलेगा?”

चाचांनी समोरच्या गाळ्याकडे पाहिलं. “वो? वो झूठा मेरे बदले बोलेगा?” मग खुर्ची पुढे सरकवली. “बैठो. लिखो. और ये लडकी कौन है, गूंगी है क्या?”

“बोलती है,” ताई म्हणाल्या. “अंदर अंदर बोलती है.”

तर अशा बाईबद्दल राणे सर म्हणत होते की ती घरी बसून फॉर्म भरते. कारण माझ्याच कॉम्प्युटरमधून निघालेल्या तक्त्यात सगळ्या अन्वेषकांत ताईंचा प्रतिसाद सगळ्यात कमी दिसत होता. हायवेवरच्या वडप्याची नवी गोदामं ज्याच्याकडे होती त्याचा सगळ्यात जास्त. ताईंकडे गावातल्या जुन्या गल्ल्या होत्या. मुख्य ऑफिसातून विचारणा आली, आणि सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“तिच्या त्या आठांपैकी दहाएक दारांवर तू जाऊन ये. तिला सोबत घे, पण कशासाठी ते सांगू नको. कळलं?”

मी मान हलवली.

ताईंना ते सांगावं लागलंच नाही. रिक्षातून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, “तपासायला आलीस ना? चल. ऊन व्हायच्या आत बघून घेऊ.”

आम्ही दारामागून दार पाहत गेलो. ताईंनी समासात लिहिलेलं मला आठवत होतं, प्रत्येक ठिकाणी तसंच होतं. एका गाळ्याचं शटर अर्धवट वर होतं. आत लूम नव्हते. पण लूमच्या जागा होत्या. फरशीत रोवलेले बोल्ट लूम उचलताना वरून कापून टाकलेले, चार-चारच्या ओळीत, आणि त्यांच्याभोवती वर्षानुवर्षांच्या तेलाचे काळे चौकोन. ताई त्या चौकोनांच्या मधून, जणू लूम अजून चालू आहेत आणि ओढणी अडकेल, अशा अंग चोरून चालल्या.

“इथं चोवीस होते,” त्या म्हणाल्या. “दोन पाळ्या. धा-बारा माणूस. सगळी यूपीकडची. आता न्हाईत.”

मी माझ्या कागदावर बरोबरची खूण केली.

नंतर टपरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, “बाय, तू दिवसभर त्या कंप्युटरवर करतेस काय? सर म्हणतात, वजन काढते. कुणाचं?”

मला कामाबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. मी कपाकडे बघत सांगितलं. समजा एका गल्लीतले दहा गाळे निवडले. सहांनी माहिती दिली, चारांनी दिली नाही. ते चार सोडून दिले तर त्यांचे कामगार मोजणीतून गळून जातील आणि गावात माणसं कमी दिसतील. म्हणून त्या सहांचं वजन वाढवायचं. म्हणजे सहा जण दहांच्या वतीने बोलतात.

“म्हंजी जो बोलत न्हाय त्याच्या वतीनं शेजाऱ्यानं बोलायचं.”

“हो. पण त्याच्यासारखाच शेजारी बघून. तेवढेच लूम, तीच गल्ली.”

“सारखा असतो का शेजारी?”

“मानायचं.”

“मानायचं!” ताई मोठ्याने हसल्या. टपरीवाल्यानेही वळून पाहिलं. मग त्यांनी कप खाली ठेवला. “आणि त्या चारातले दोन सात असले तर? मघाचा तो गाळा. त्याच्या वतीनं कोण बोलंल?”

“कुणीच नाही. सात वेगळे ठेवायचे. तिथे शून्य माणसं, हे आपल्याला माहीत असतं. त्याचं वजन त्याच्यापाशीच राहतं. ते शेजाऱ्याला द्यायचं नाही. दिलं तर गेलेली माणसं परत...”

मी हातातला कप खाली ठेवला.

कारण मी ते दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात. मुख्य ऑफिसातून आलेल्या तक्त्यात रिकाम्या फॉर्मसाठी एकच रकाना होता. साताचे फॉर्म रिकामे, आठाचेही रिकामे. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहून सगळ्या सातांचे आठ केले होते. विचारावं असं तेव्हा वाटलं होतं. पण विचारायचं म्हणजे उठून, चार टेबलं ओलांडून, केबिनचं दार वाजवायचं. मी स्वतःशी म्हणाले होते, नंतर बघू. मग ते विसरले.

फरशीतल्या त्या बोल्टांवरची दहा-बारा माणसं माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून कामावर होती, शेजारच्या गाळ्याच्या नावावर. आणि ज्या गल्लीत सगळ्यात जास्त सात होते, तिथे फिरणाऱ्या बाईच्या नावापुढे सगळ्यात जास्त आठ होते.

“काय गं? चहा कडू लागला?”

“नाही.”

“बरं,” म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चण्यांचा डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा तपासणीचा कागद सरांच्या टेबलावर होता. दहाच्या दहा बरोबर. सर म्हणाले, “छान. पण प्रतिसादाचा आकडा काही यानं वाढत नाही. वर काय दाखवू?” मी खरं काय ते सांगणार होते. शब्दसुद्धा जुळवले होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. एवढ्यात ताई आत आल्या. त्यांना बोलावलेलं होतं.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं, मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. “ताई, तुमचा मान आहे. पण हे बघा. पुढच्या फेरीला तुम्हाला घेता येईल असं वाटत नाही.”

ताईंनी चष्मा लावला. बोट स्क्रीनला न टेकवता त्या ओळीवरून फिरवलं.

“आठ? मी सात लिव्हलेलं हाय, सर.”

“सिस्टीममध्ये आठ आहे.”

“फॉर्म काढा. फॉर्मवर सात हाय.”

“फॉर्मचं गाठोडं मुख्य ऑफिसला गेलं, ताई. आता सिस्टीममध्ये असेल तेच धरायचं.”

ताईंनी स्क्रीनवरून नजर काढली. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, जसं एखाद्या गाळ्यावर मालक कोण म्हणून विचारत असत.

“सिस्टीम म्हंजी कोण?”

सर हसले. मला ते हसू थट्टेचं वाटलं नाही, त्यांना खरंच उत्तर माहीत नव्हतं. मी दाराशी उभी होते, हातात पाण्याचा ग्लास. ताईंनी चष्मा काढून ओढणीने पुसला. मग तो ग्लास माझ्या हातातून घेतला, सगळं पाणी प्यायल्या आणि रिकामा ग्लास परत माझ्याच हातात दिला. ओळखपत्र टेबलावर ठेवलं. उरलेले कोरे फॉर्म मोजून ठेवले. पेन्सिली त्यांच्या स्वतःच्या होत्या, त्या नेल्या.

जिन्यावर स्पोर्ट्स शूजचा आवाज होत नाही. त्या कधी खाली पोहोचल्या ते कळलं नाही.

त्याच संध्याकाळी मी ती ओळ दुरुस्त केली. पुढच्या काही दिवसांत मुख्य ऑफिसात जुने फॉर्म पुन्हा काढायला लावले, साताला सात केलं, वजनं नव्याने काढली. गावातली माणसं कमी झाली, म्हणजे जेवढी गेली होती तेवढी कमी झाली. सरांना मेल लिहिली, इंग्रजीत. ‘कोडच्या जुळणीत त्रुटी आढळली, ती दुरुस्त केली आहे.’ कर्त्याशिवायचं वाक्य. शाळेत आम्हाला ते फार चांगलं शिकवलं होतं.

सरांचं उत्तर आलं, ‘उत्तम. बारीक नजर.’ पुढच्या बैठकीत त्यांनी माझं कौतुकही केलं. ताईंच्या जागी तोवर दुसरा अन्वेषक आला होता. मी एकदा म्हणाले, “सर, मग सोनावळेताईंचा प्रतिसाद आता...” सर म्हणाले, “अरे हो. बघू पुढे.” मीही तिथेच थांबले. ताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. रविवारी सकाळी त्या विहारात मुलांचा अभ्यास घेत, तेव्हा फोन करू नको असं त्यांनी मला बजावलं होतं. मी सोमवारीही केला नाही. मंगळवारीही नाही.

पुढच्या फेरीत एक जण आजारी पडला म्हणून वडप्याची दोन गोदामं माझ्याकडे आली. हायवेला लागून मोठं फाटक, ट्रेलरची रांग, आणि बाजूला बायकांच्या तपासणीसाठी पडदा लावलेली पत्र्याची खोली. खोलीबाहेर टेबलाशी निळा शर्ट घातलेली सिक्युरिटीची बाई, समोर रजिस्टर. पायात तेच स्पोर्ट्स शूज.

“बॅग दाखवा,” त्या न बघता म्हणाल्या. मग पाहिलं. “अगं बाय! तू? एकटी आलीस फील्डवर?”

मी हो म्हणाले. त्यांनी माझी बॅग उघडून बघितली, इतरांची बघत तशीच, नीट, कप्प्याकप्प्यात हात घालून. आत माझे फॉर्म होते. ते त्यांनी जरा वेळ हातात धरले आणि सरळ करून परत ठेवले.

“बारा तास हाय ड्युटी,” त्या म्हणाल्या. “पण सावली हाय. बसायला हाय. आणि मोजायचं सुटलं न्हाय बघ.” रजिस्टर माझ्याकडे जरासं वळवलं. रकाने ठरलेले होते, नाव, वेळ, कुणाला भेटायचं, कारण. आणि समासात, पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘तिघं म्हणाले, चौघं उतरले’. ‘रडत आली, रडत गेली.’

मागे दोन कामगार बायका येऊन उभ्या राहिल्या. ताईंनी पेन्सिल उचलली. माझं नाव त्यांनी न विचारता लिहिलं, पूर्ण, बरोबर. म्हणजे त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं.

“वेळ अकरा वीस. मॅनेजरला भेटायचं,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “आणि कारण? काय लिव्हू?”

सर्व्हे, असं सांगायचं असतं. एका शब्दाचं काम. मागच्या बायकांपैकी एकीने घाई म्हणून ‘च्च’ केलं. ट्रेलरचा हॉर्न वाजला. ताई पेन्सिल टेकवून थांबल्या होत्या, मान जराशी तिरकी करून.

“ताई,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, “तुमचे सात मी आठ केले होते. सिस्टीम म्हणजे मी.”